उंबरठ्यामागची वरात

सांगा पाहू, राजाच्या आंघोळीसाठी पहाटे तापवलेलं पाणी न्हाणीघरात कधी पोचावं?

कनकपूरच्या राजवाड्यात ते पोचायचं तिसऱ्या प्रहरी. तेही थंडगार! कारण हंडा आणणारे बुधाजी ऐंशीचे होते. पहारेकरी भाल्याला टेकून घोरत. चोपदार महाराजांच्या आजोबांच्या नावाने ललकारी देई. तरी एकही म्हातारा घरी जात नसे.

जाणार कसा? महाराजांच्या पणजोबांनी दगडावर कोरून ठेवलं होतं, ‘म्हातारा चाकर राजवाड्याचा उंबरठा ओलांडून घरी गेला, की त्याचा शिधा बंद. आत असेल तोवर चालू.’

एक दिवस बुधाजींची मुलगी भागा दरबारात आली.

“महाराज, बाबांना घरी जाऊ द्या. काल हंड्यासकट जिन्यावरून गडगडणार होते. जीव जाईल हो त्यांचा!”

“मी कुठे अडवलंय?”

“आणि घरी खातील काय?”

“आक्छी!” महाराज शिंकले आणि भडकले. “फार शहाणी आहेस ना? मग तूच घेऊन जा सगळ्या म्हाताऱ्यांना! पण कुणाचा शिधा तुटता कामा नये, आणि पणजोबांचं एक अक्षर बदलता कामा नये. नाही जमलं, तर तुझा बाप मरेपर्यंत हंडे वाहील!”

“बरं. मला आठ सुतार द्या.”

सुतारांनी महादरवाजाचा सागवानी उंबरठा उखडला आणि खांद्यावर घेतला. म्हातारे घाबरले.

“ए पोरी, आम्ही तो ओलांडणार नाही हं!”

“ओलांडा कोण म्हणतंय? मागून चला!”

पुढे उंबरठा, मागे काठ्या टेकत म्हातारे! ज्याचं घर आलं, तो आत शिरला आणि खाटेवर आडवा झाला. उंबरठा थेट गावाच्या वेशीत नेऊन बसवला.

महाराज शिंकत शिंकत तिथे आले. “हे काय चालवलंयस?”

“उंबरठा कुणीच ओलांडला नाही, महाराज. सगळे आतच आहेत. आपापल्या घरी!”

“म्हणजे शिधा मी देतच राहायचा?”

“तो आजही देताच की! वर गार पाणी अंगावर घेता!”

इतक्यात जवळच्या घरातून, खाटेवरूनच, चोपदाराने आजोबांच्या नावाची ललकारी दिली. महाराज असे हसले की पगडी वेशीबाहेर जाऊन पडली. त्यांनी भागाला दुभती म्हैस दिली आणि आंघोळीच्या पाण्याचं काम पगारासकट तिच्याकडे सोपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजांनी कढत पाण्याने आंघोळ केली, आणि बुधाजी उन्हं वर येईपर्यंत आपल्या घरी झोपून राहिले.