तानी नदीतली गादी

ती खाली डोहात काळी शिळा दिसते ना, पाण्याबाहेर जिची पाठ आली आहे, ती गादी आहे. राजाची गादी. वैशाखात पाणी उतरलं की हात टेकायचे दोन सिंहही दिसतात. एकाचं नाक झिजून गेलंय. म्हशी तिच्यावर अंग घासतात, पोरं तिच्यावरून उड्या मारतात, पण बसत कुणी नाही. पाहुणे विचारतात, एवढी कोरीव वस्तू पाण्यात का टाकलीत, वर काढून ठेवा की. मग मला सांगायला लागतं. मी सीताराम गावित. माझ्या आजोबांकडून ऐकलं तसं सांगतो.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा हे करंजखोरं सुभेदाराच्या ताब्यात होतं. वर ती वाघखिंड, तिथून त्याचे स्वार उतरायचे आणि धान्य, गुरं, माणसं घेऊन जायचे. खोऱ्यातल्या गावांचं आपसांतही पटत नव्हतं. एकाचा पाट दुसऱ्याने फोडायचा, दुसऱ्याची गुरं तिसऱ्याने कोंडायची. या माणसांना धारोजी नाईकाने एकत्र आणलं. तो काही मोठ्या घरचा नव्हता. त्याने देवीपुढे शपथ घेतली होती, असं सांगतात, की खोरं मोकळं होईपर्यंत बूड टेकणार नाही. तो उभ्याने जेवायचा. झोप आली तर झाडाला टेकून डोळे मिटायचा. एका गावात भाकरीचा पहिला घास, दुसऱ्यात शेवटचा, अशी त्याची चाल. लोक त्याला उभा नाईक म्हणायचे.

खिंडीच्या तोंडाशी पिंपळदरा नावाचा पाडा होता. तिथल्या ठकूबाईने त्याला जखमी असताना लपवलं होतं, हळद भरून बरं केलं होतं. तो तिला माय म्हणायचा. तिचा नवरा आबाजी पायाने अधू, पण खिंडीवर नजर ठेवायचं काम त्याचंच. स्वार दिसले की ओला पाला पेटवायचा. धूर खोऱ्यातून दिसला की धारोजी माणसं घेऊन हजर. असं वर्षानुवर्षं चाललं, आणि शेवटी एका पावसाळ्याआधी सुभेदाराची छावणी उठली. खोरं मोकळं झालं.

मग लोकांनी ठरवलं, नाईकाला राजा करायचं. ही शिळा डोंगरातून आणली, कोरली. पुढल्या अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला. धारोजी नको म्हणत होता. कारभारी लखमोजी म्हणाला, “नाईक, शपथ पुरी झाली. आता तुम्ही बसल्याशिवाय आम्हाला तरी बसल्यासारखं वाटेल का?” तेव्हा तो तयार झाला. गावोगावचे गडी सोहळ्याला खाली आले. पिंपळदऱ्याचेही आले. वर म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आणि आबाजी-ठकूबाई तेवढी राहिली.

खाली मोठा मांडव घातला होता, आंब्याच्या डहाळ्यांनी चहूकडून झाकलेला. धारोजी गादीवर बसला. इतक्या वर्षांनी बसला, तर त्याला बसणंच जमेना, म्हणे. पाय हलत होते. कधी या सिंहावर हात, कधी त्या. भटजींनी मंत्र सुरू केले. इतक्यात मांडवाच्या दाराशी कुणी तरी म्हणालं, “खिंडीकडे धूर दिसतोय.”

धारोजी उठायला गेला. भटजी घाबरले. “टिळा लागायच्या आत उठलात तर राज्य भंगेल.”

लखमोजी बाहेर जाऊन बघून आला. म्हणाला, “राब असेल, नाईक. दिवस राब भाजायचेच आहेत.” तेही खरंच होतं. वैशाखात भाताच्या रोपांसाठी इथे डोंगरभर पालापाचोळा जाळतात.

धारोजी बसला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, “विझला का धूर?” कुणी म्हणालं विझेल, कुणी म्हणालं विरळ झालाय. त्याला डोंगर दिसत नव्हता, नुसत्या डहाळ्या दिसत होत्या. पण समोर सारं खोरं हात जोडून उभं होतं, आणि ज्यांच्यासाठी आपण एवढं केलं त्यांचा सोहळा एका राबापायी मोडावा असं त्याच्या जिवाला वाटेना. तो बसून राहिला.

वर काय चाललं होतं? हरलेल्या सुभेदाराचे स्वार सूड घ्यायला परतले होते. ठकूबाईने एक आगटी पेटवली, मग दुसरी. घरातलं गवत, गोठ्यावरचा पेंढा, मिळेल ते घातलं. वाटेकडे बघायची, पुन्हा घालायची. आबाजी आणि म्हातारे खिंडीत धोंडे ढकलत राहिले. खालून कुणी येईना.

टिळा लागला आणि धारोजी मांडवाबाहेर आला. त्याने एकदाच वर पाहिलं. राबाचा धूर पांढुरका असतो, पसरतो. हा काळा होता आणि सरळ चढत होता. तो तसाच निघाला. शेला वाटेत पडला, अनवाणी होता, मागे गडी धावत होते. त्यांनी स्वारांना खिंडीपार हाकललं खरं, पण पिंपळदरा जळून गेला होता. आबाजी धोंड्यांपाशीच पडला होता. त्याच्यासोबतच्या म्हाताऱ्यांतलं कुणी वाचलं नाही. लेकुरवाळ्या तेवढ्या कपारीत वाचल्या.

ठकूबाई राखेत उभी होती. तिने विचारलं, “कुठं होतास, नाईका?”

त्याला खोटं बोलता आलं असतं. तो म्हणाला, “बसलो होतो, माय.”

तिने विझलेल्या आगटीकडे पाहिलं. मग म्हणाली, “आम्ही कुणाच्या वाटेकडं बघत होतो मग?”

एवढंच. शिव्या नाहीत, रडणं नाही. तो तिच्या पाया पडायला वाकला तर तिने पाय मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी धारोजीने बैल जुंपून ही गादी ओढत आणली आणि डोहात लोटली. लखमोजी रडकुंडीला आला. “गादीशिवाय राजा कोण म्हणेल?”

“खिंडीपलीकडून कुणी येऊन विचारेल तेव्हा सांगू,” धारोजी म्हणाला.

त्यानंतर त्याने राज्य केलं ते उभ्याने. न्याय उघड्यावर, खिंड दिसेल अशा जागी. त्याचं राज्य लोक चांगलं म्हणतात, पण त्याला सुख नव्हतं. ढग दिसला तरी धूर वाटायचा. जेवता जेवता उठायचा. पाय सुजायचे, बायको म्हणायची, घटकाभर टेका. तो दाराशी जाऊन यायचा. ठकूबाई त्याच्याशी पुढे बोलली की नाही, यावर दोन मतं आहेत. माझे आजोबा म्हणायचे, नाही बोलली. पण पिंपळदरा पुन्हा वसला तेव्हा खुणेची पहिली आगटी तिनेच रचली, न पेटवता. धारोजी गेला तो दोघांनी काखेत हात घालून धरलेला असताना, तोंड खिंडीकडे.

त्याचा मुलगा उदाजी मानी होता. बापाचं वेड बापाबरोबर गेलं, असं म्हणून तो अक्षय्य तृतीयेला गादी काढायला आला. पाणी गुडघाभर होतं. सारं खोरं काठावर जमलं होतं. तो डोहात उतरला, सिंहावर हात ठेवला, तसे काठावरचे लोक एकेक करून वळले. त्याच्याकडे पाठ आणि खिंडीकडे तोंड करून उभे राहिले. कुणी अपशब्द काढला नाही. उदाजीने सगळ्या पाठी पाहिल्या. मग बाहेर आला आणि ओल्या धोतराने त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहिला.

आजही आमची ग्रामसभा उघड्यावर भरते. सरपंचाला खुर्ची नाही, आणि बोलतो तेव्हा आम्ही त्याच्याकडे बघत नाही, वर खिंडीकडे बघतो. बाहेरच्या साहेबांना हे अपमानाचं वाटतं. मागच्या साली सभा चालू असताना खिंडीत काळा धूर दिसला. आमची सरपंचबाई वाक्य अर्धं टाकून पळाली, मागे सगळं गाव, मीसुद्धा, या गुडघ्यांनी. वर पोचलो तर शहरातली सहलीची मंडळी ओल्या लाकडांवर चहा करत होती. आम्हाला बघून ती भेदरलीच. आम्ही त्यांना सुकी लाकडं आणून दिली आणि खाली आलो. वाटेत कुणी हसलं नाही.