साहेबाचा पंखा

साहेबाचं राज्य गेलं, बंगला मागे राहिला आणि पुढे त्याचं संग्रहालय झालं, तेव्हाची ही गोष्ट. दिवाणखान्याच्या छताला झालरीचा एक लांबलचक कापडी पंखा टांगलेला होता. त्याचा तोरा काय विचारता! "साहेबाला वारा घातला तो मी," असं तो खालच्या खुर्च्यांना उठल्यासुटल्या ऐकवायचा.

भिंतीत एक भोक होतं. पूर्वी पंख्याची दोरी त्यातून व्हरांड्यात जायची आणि तिथे बसलेला माणूस ती दिवसभर ओढायचा. भोक एकदा म्हणालं, "अरे, तो ओढायचा म्हणून तू हलायचास."

"गप्प बस," पंखा म्हणाला. "पाटी माझ्या नावाची लागली आहे. भोकाला कधी कुणी पाटी लावतं का?"

एका दुपारी एक म्हातारी नातीला घेऊन आली. तिने दाराशीच चपला काढल्या.

"आजी, चपला राहू द्या. हे काय देऊळ आहे का?" पहारेकरी म्हणाला.

"असू दे, बाबा," म्हणत ती अनवाणीच पंख्याखाली आली आणि वर बघू लागली. पंखा फुगला. आता ही हात जोडणार!

म्हातारीने नजरेनेच दोरीची वाट धरली आणि ती भिंतीपाशी गेली. घासून घासून भोकाची कड गुळगुळीत झाली होती. तिने तिथे बोटं टेकवली आणि कपाळाला लावली.

"याच्या पल्याड माझा आजा बसायचा गं," ती नातीला म्हणाली.

उकाडा मी म्हणत होता. नात ओढणीने वारा घेत होती, बरोब्बर पंख्याखाली उभी राहून.