दुसरं ताट

“आणखी काय सोडू, तेवढं सांगा.”

हाच आपला पहिला प्रश्न होता, असं अच्युतराव सांगतात आणि सांगता सांगता स्वतःच अडखळतात. कदाचित आधी ‘माझ्या बायकोला समजवा’ असंही म्हटलं असेल. त्या दिवसांत झोप धड नव्हती, तेव्हा आपल्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नये, असं त्यांचंच म्हणणं. मंगळवार होता, एवढं मात्र नक्की. कारण डोसचा गुरुवार दोन दिवसांवर आला होता.

मिठागरांच्या काठाला भानुबुवांचा मठ. मठ कसला, दोन खोल्या आणि एक पडवी. बुवा पडवीत बसून कुळीथ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आत्तापर्यंत काय काय सोडलंत?”

“सकाळचं फिरणं. पेटी वाजवणं. मित्रांकडे जाणं. आणि मीठ. सात महिने झाले बुवा, मिठाचा कण तोंडात नाही.”

शेवटचं वाक्य बोलताना आवाज, नाही म्हटलं तरी, जरा चढला.

“मीठ का?”

“कॅन्सरच्या औषधांनी कुमुदच्या तोंडात फोड आलेत. मीठ लागलं की कळवळते. तिनं अळणी गिळायचं आणि मी समोर बसून मिटक्या मारायच्या?”

“नवस बोललात?”

“छे! पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलंय मी. नवसांवर माझा विश्वास नाही.”

“मग सोडायला सांगितलं कोणी?”

अच्युतरावांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“बरं. कसे आहात?”

“प्लेटलेट जरा वाढल्यात.”

“तुम्ही कसे आहात?”

“काल ताप नव्हता तिला.”

“जेवता काय?”

“पेज. दोन वाट्या घेतली तिनं.”

बुवांनी सूप खाली ठेवलं.

“मास्तर, तीनदा तुम्हाला हाक मारली. तिन्ही वेळा ओ त्यांनी दिली.”

अच्युतराव भडकले.

“मी कसा आहे याला काय किंमत आहे? आजारी ती आहे! येणारा-जाणारा तिचंच विचारतो, आणि बरोबर आहे ते. ती झोपली की मी मोरीत नळ सोडून रडतो. सांगितलं. झालं समाधान?”

“नळ कशाला सोडता?”

“तिला ऐकू जाऊ नये म्हणून.”

“जात नाही?”

“जातं,” अच्युतराव म्हणाले.

कुमुदताई शाळेत खेळाच्या बाई होत्या. हाक मारायचं त्राण राहिलं नाही, तेव्हा त्यांनी जुनी शिट्टी खाटेच्या दांडीला बांधून घेतली होती. आदल्या दिवशी अच्युतराव मोरीत असताना ती शिट्टी वाजली. हे ओल्या तोंडानं धावले.

“म्हणाली, नळ बंद करा आणि इथे बसून रडा, पाणी फुकट जातंय. आणि म्हणाली, तुमचं हे अळणी तोंड बघून मला घास उतरत नाही. तुम्ही मीठ खाल्लं नाहीत, तर गुरुवारी मी सलाईनला हात देणार नाही. मी म्हटलं, हा काय पोरखेळ? तर म्हणते, मग तुमचं काय चाललंय?”

“भारी आहेत.”

“हसू नका बुवा. डोस चुकला तर केलेलं सगळं पाण्यात. तुम्हाला ती मानते. तुम्ही सांगा तिला, की हे माझं तप आहे.”

बुवांनी आत हाक दिली.

“शेवंता, दोन ताटं वाढ.”

मठात स्वयंपाक करणारी शेवंता आली. रीतीप्रमाणे तिनं अच्युतरावांच्या ताटात आधी मीठ वाढलं. ती भाताकडे वळली, तसं बुवांनी आपलंही ताट मिठासाठी पुढे सरकवलं. शेवंता थबकली.

“बघतेस काय? वाढ.”

तिनं वाढलं. अच्युतरावांनी मात्र आपलं ताट दूर लोटलं.

“मला नको.”

“सात महिने अळणी जेवलात. त्यांचा एक तरी फोड बसला?”

“नाही.”

“रोग एका ताटात शिरलाय. त्याला दुसरं ताट आपण होऊन कशाला वाढता?”

“म्हणजे तिला कॅन्सर आणि मी चवीनं जेवू?”

“जेवा.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, या घरात अजून चूल पेटते.”

एवढं बोलून बुवांनी ताटातले मिठाचे खडे उचलले आणि थेट जिभेवर ठेवले. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. डोळे भरून आले. बराच वेळ खोकत राहिले. वय झालं, असं तेव्हा अच्युतरावांना वाटलं. तो खोकलाच होता का, ही शंका त्यांना पुढे आली.

“आता तुम्ही,” बुवा म्हणाले.

अच्युतरावांनी मीठ कुळथाच्या पिठी-भातात कालवलं. पहिला घास जिभेला झोंबला. दुसऱ्याला रडू आलं, आणि या वेळी जवळपास नळ नव्हता. तिसऱ्या घासापासून ते असे जेवले, की जणू त्या रोगालाच दाताखाली धरलंय.

“हाणा,” बुवा म्हणाले.

घरी कुमुदताईंनी काही विचारलं नाही. नवऱ्याचा हात ओढून बोटांचा वास घेतला. गुरुवारी त्यांनी हात पुढे केला आणि सुई टोचणाऱ्या नर्सला बजावलं, “ह्यांना आधी कँटीनला पाठवा.”

कुमुदताई पुढे चार वर्षं होत्या. शिट्टी शेवटपर्यंत वाजत होती.

त्या मंगळवारानंतर नवव्या वर्षी अच्युतराव पुन्हा मिठागरांकडे गेले. बुवा नव्हते. शेवंता होती, म्हातारी झालेली. इतकी वर्षं खुपत असलेलं त्यांनी विचारलंच. त्या दिवशी बुवांना नुसता ठसका लागला होता ना?

शेवंतानं नाही म्हणून मान हलवली. बुवा पूर्वी याच मिठागरात कामाला होते. बायको दुखण्यानं गेली, त्या दिवसापासून त्यांनी मीठ सोडलं होतं. त्या दुपारी एकतीस वर्षांनी पहिल्यांदा खाल्लं. अच्युतरावांनी आकडा दोनदा विचारून घेतला. एकतीसच.

ताटं उचलताना तिला राहवलं नव्हतं. “बुवा, एवढ्या वर्षांचं व्रत मोडलंत?” असं तिनं विचारलं होतं.

“मग? काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘ती एकतीस वर्षं उपाशी होती, शेवंता. आज जेवली.’”