पेवातली ओ

तरसवाडीच्या वेशीबाहेर खडकात कोरलेलं एक पेव आहे. सुगी झाली की घराघरातून त्यात धान्य पडतं, आणि अडल्यानडल्यानं येऊन ते न्यावं. तू कोण, कुठली, कुणी विचारत नाही. शहरातून शिधा वाटायला येणाऱ्या मंडळींना हे जरा जड जातं.

"अहो आक्का, घेणाऱ्यानं निदान नाव तरी सांगावं!"

"हितं नको बाबा," गावातल्या म्हाताऱ्या जनाक्का म्हणतात. "आमचं पेव नावं गिळतंय." आणि पेवाच्या तोंडावरून काढून उभ्या केलेल्या शिळेच्या सावलीला बसून मंजुळेची गोष्ट सांगतात.

फार मागे पावसानं ओळीनं काही वर्षं पाठ फिरवली, तेव्हा पेवाची राखण मंजुळेच्या घराकडे होती म्हणे. नवरा गुरं घेऊन घाटाखाली उतरलेला, पदरात रांगता रायबा. बाई वाईट नव्हती, भ्यालेली होती. आई झालं की दुधाआधी भीती उतरते. पेवात डोकावलं की उरलेल्या दाण्यांत तिला फक्त रायबाचे घास दिसायचे. अखेर तिनं फर्मान काढलं: धान्य हवं त्यानं पेवाच्या तोंडाशी उभं राहून मोठ्यानं नाव सांगायचं. मी कुणाला नाही कुठं म्हणते, ती स्वतःची समजूत घालायची, नुसतं नाव तर विचारते. लाजेनं कितीतरी लोक यायचेच थांबले.

एका टळटळीत दुपारी परगावची एक बाई तान्हं घेऊन आली.

"माझं नाव घेणारं कुणी उरलं न्हाई, बाई. पोरासाठी दे."

"मग पोराचं सांग."

"ठेवलंच न्हाई अजून. बारशाला घुगऱ्या कुठनं आणू?"

"आधी नाव ठेव, मग ये," मंजुळा म्हणाली, आणि रायबा रडला म्हणून घरात गेली. परतली तेव्हा बाई तिथं नव्हती. शिळा बसवण्याआधी दिवा सोडून पेवात बघायचं, हा रिवाज. त्या दिवशी घाईत मंजुळेनं बघितलं नाही. गड्यांकडून शिळा बसवून घेतली.

सकाळी तिनं हाक मारली, "रायबा!" पोर समोरच खेळत होतं, पण त्यानं मान वळवली नाही. ओ आली ती वेशीकडून, जमिनीखालून, अगदी कोवळी.

तिनं पुन्हा हाक मारली. पुन्हा तिकडूनच ओ. आणि दर हाकेला रायबाचं अंग गार पडत चाललं, नजर परकी होत चालली.

"हाका मारू नगंस गं," शेजारीण कळवळून म्हणाली. "जो ओ देतो, नाव त्याचं होतंय."

मंजुळेनं शिळा काढवली. दिवा खाली सोडला. आत कुणीच नव्हतं. फक्त धान्यावर एक खळगा पडला होता, बाईनं मांडी घालून बसावं एवढा.

मग ती घरी आली, तिनं बियाण्याला राखलेले हरभरे शिजायला टाकले आणि सगळ्या गावाला बारशाचं आवतण दिलं. पेवाच्या तोंडावर रिकामी झोळी बांधली. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," बायका म्हणाल्या. मंजुळेनं रिकाम्या झोळीत वाकून आपल्याच लेकाचं नाव सांगितलं. वारा नव्हता. तरी दोर करकरला, झोळी भरल्यासारखी खाली लोंबली म्हणे. आणि तिच्या कडेवरचं पोर तिच्याकडे ओळखीनं बघून रडलं.

दिलेलं नाव परत मागता येत नाही. मंजुळेचा लेक वाढला, नातवंडांचा आजा झाला, पण जन्मभर त्याला "अरे" म्हणूनच हाक. तिनं त्याला दुसरं नाव ठेवलं नाही. धीर झाला नाही.

आजही तरसवाडीत घरचा पाळणा हलण्याआधी पेवावर रिकामी झोळी हलते. घुगऱ्यांची पहिली मूठ तिथं पडते, मग ज्याला लागेल तो येऊन धान्य नेतो.

पाहुण्यांतली एखादी लेकुरवाळी हळूच विचारते, "झोळी अजून जड होते का हो?"

जनाक्का तिच्या कडेवरच्या पोराकडे बघतात.

"ह्याला घरी जाईस्तोवर हाक मारू नगा," म्हणतात.