वेलींचा हत्ती

फार पूर्वी चंपा नगरीत भद्रसेन राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व वेली विणणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. रानातून पळसवेल आणि लव्हाळे आणून ही माणसे टोपल्या, करंड्या, पाळणे विणीत आणि त्यावर जगत.

पुढे रोहक नावाचा नवा वनपाल आला. त्याने त्यांना रान बंद केले. "राजाचे रान म्हणजे तुमच्या बापाचे परसू नव्हे," असे म्हणून त्याने त्यांच्या विणलेल्या टोपल्याही जाळल्या. वस्तीतल्या चुली थंड पडू लागल्या.

वर्षातून एकदा, वसंतोत्सवाच्या सायंकाळी, राजा प्रजेने आणलेल्या भेटी पाहत असे. जी भेट त्याला आवडे, ती आणणाऱ्याचे एक मागणे तो पुरवी. बोधिसत्त्वाने शेतांच्या बांधांवर आणि ओढ्याकाठी मिळाली तेवढी वेल गोळा केली व वासराएवढा हत्ती विणला. सोंडेला त्याने तीन पदरी वेणी घातली. ती इतकी जिवंत उतरली की वस्तीतली पोरे तिला ऊस भरवू लागली.

उत्सवाच्या दिवशी तो आणि त्याची पत्नी उप्पला हत्ती खांद्यावर घेऊन उजाड माळावरून निघाले. वाटेत एका पडक्या विहिरीतून हाक आली. आत रोहक होता. कपारीला धरलेले त्याचे हात सुटत चालले होते.

बोधिसत्त्वाने हत्ती खाली ठेवला. उप्पलाने त्याचे मनगट धरले.

"अहो, आज राजाकडे रान मागायचे आहे. हा उसवलात तर वस्ती काय खाईल?"

"वेल पुन्हा उगवते. हा माणूस उगवेल का?"

"असला न उगवलेलाच बरा!" ती म्हणाली, पण बोलता बोलता तिची बोटे विणीची गाठ शोधू लागली होती.

सोंड विहिरीत सोडली. ती पुरली नाही. कान उसवून जोडले. पाठ उसवली. शेवटी पोटाच्या वेलींचेही पदर वळून लावले, तेव्हा सोंड रोहकाच्या हाती लागली. दोघांनी ओढून त्याला वर घेतले.

सायंकाळी बोधिसत्त्वाने तो चिखलाने माखलेला गुंता राजापुढे ठेवला. दरबारी हसले.

"हे काय आहे?" राजाने विचारले.

"महाराज, सकाळी हत्ती होता." एवढेच तो म्हणाला.

तेव्हा त्यांच्या मागोमाग आलेला ओलेता रोहक पुढे झाला. "महाराज, हा अजूनही हत्तीच आहे. मी विहिरीत बुडत होतो. यानेच सोंडेने मला वर काढले. ज्यांचे रान मी बंद केले, त्यांनी तो माझ्यासाठी उसवला."

राजा सिंहासनावरून खाली उतरला. त्याने ती सोंड दोन्ही हातांनी उचलली आणि म्हणाला, "माग."

बोधिसत्त्वाने रान मागितले, आणि राजाने ते दिले.

ही कथा भिक्खूंना सांगून शास्ते, भगवान बुद्ध, म्हणाले, "तो वनपाल म्हणजे संघाला दुखावून आज परत आलेला हा भिक्खू. राजा म्हणजे आनंद, उप्पला म्हणजे राहुलमाता, आणि वेली विणणारा मीच होतो. आपल्याला छळणाऱ्यासाठीही हातचे काम उसवता येणे, हीच करुणा."