घरामागचा वाफा

"मग पाठवू का नको, आक्का? एकदाचं सांगून टाका."

प्रफुल्ल ढोकेचं हे चौथ्यांदा विचारणं. आश्रमाच्या फाटकाबाहेर त्याच्या शेतातल्या पालकानं भरलेली, शहराकडे निघालेली गाडी उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि हा आश्रमातल्या संन्यासिनी द्वारकाआक्कांसमोर बसून घाम पुसतोय.

आला होता लेकीच्या उष्टावणाला. सहा महिन्यांची पोर, बायकोच्या, मयूरीच्या मांडीवर. पहिला घास आक्कांच्या हातचा हवा, अशी त्याची फार इच्छा. वाटेत पालकाचा प्रयोगशाळेतला रिपोर्ट मोबाइलवर आला आणि सगळं बिनसलं.

"काय निघालं रिपोर्टात?"

"पानांत नायट्रेट साठलंय. चालतं त्याच्या दुप्पट."

"काऊन?"

"तेच तं समजत नाही! जस्त दिलं, लोह दिलं, बोरॉन दिलं. मॉलिब्डेनम तर ग्रॅमवर तोलून फवारलं. ते दिलं की पान नायट्रेट पचवतं, पुस्तकात आहे. मी कृषी पदवीधर माणूस, आक्का..."

"अन् युरिया?"

तो मोबाइलवरचा रिपोर्ट पुन्हा वर-खाली सरकवू लागला.

"प्रफुल्ल."

"मागच्या आठवड्यात टाकला. थोडासाच. रंग चढावा म्हणून."

"आठ दिवस आभाळ होतं. उन्हाशिवाय पान पचवीन कसं, बापा?"

ऐन वेळी माणसाची पदवी कुठे जाते, देव जाणे!

"जाते कुठं ही भाजी?"

"शहरातल्या पाळणाघरांत. आज गाडी चुकली तर काम हातचं गेलं. मोठ्यांना तसं काही होत नाही म्हणा... तान्ह्यांना सोसत नाही. ओठ निळे पडू शकतात. पण तिथं एवढी तान्ही किती असणार? असतील दोन-चार... तुम्ही 'पाठव' म्हणा, आक्का. मी पाठवतो."

आक्कांनी मयूरीच्या पुढ्यातल्या वाटीकडे बोट केलं.

"पोरीसाठी हे पालकाचं पाणी आणलं. ते ह्याच गाडीतलं?"

मयूरीनं मान खाली घातली. उत्तर त्यालाच द्यावं लागलं.

"नाही जी. घरामागं वेगळा वाफा आहे. त्यात युरिया नाही टाकत."

"बरं."

आक्का उठल्या. गुडघे धरत फाटकापर्यंत गेल्या आणि गाडीतली एक जुडी उपसून घेऊन आल्या. चार पानं तळहातावर चुरडली. रसानं भिजलेलं बोट पोरीच्या ओठांकडे नेलं. पोरीनं हौसेनं तोंड उघडलं.

प्रफुल्लनं झडप घालून आक्कांचं मनगट पकडलं.

"अहो!" मयूरी किंचाळलीच. संन्यासिनीला पुरुषानं हात लावायचा नसतो, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्याला ते मनगट सोडवेना.

आक्कांनी हात ओढून घेतला नाही.

बाहेर ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"माझा हात सोड, बापा," आक्का फाटकाकडे बघत म्हणाल्या. "त्याचा धर."