समुद्राकडे तोंड करून वाजवणारे

वसईच्या उत्तरेला कोळवे म्हणून मच्छीमारांचे गाव आहे. तिथल्या सणाला आलेला पाहुणा हमखास बुचकळ्यात पडतो. बँड वाजवतो तो लोकांकडे पाठ करून, समुद्राकडे बघत. हा उद्धटपणा नव्हे, गावातले म्हातारे समजावतात. ही चाल इनास मिस्किटापासून पडली.

साठच्या दशकात गावातल्या चार पोरांनी इंग्रजी धर्तीचा, गिटार-ड्रमचा बीट बँड काढला होता, असे सांगतात. नाव 'द पॉम्फ्रेट्स'. गिटारी फणसाच्या लाकडाच्या, घरीच केलेल्या. ड्रमवर इनास. त्याचा बाप बस्त्याव होडीवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. त्याला हे वेड मुळीच पटत नसे. "डबे बडवून कुणाची चूल पेटलीय?" म्हणायचा, आणि वाजायला लागले की उठून जायचा. पोराचे एकही गाणे त्याने पुरते ऐकले नव्हते.

मुंबईच्या एका स्पर्धेत ही पोरे शेवटच्या फेरीत पोचली. जिंकणाऱ्यांची रेकॉर्ड निघणार होती. त्या दिवशी सकाळी टेम्पोत सामान चढवले आणि धुके उतरले. तसे धुके गावाने कधी पाहिले नव्हते म्हणे. हात लांब केला तर बोटे दिसेनात. होड्या अजून बाहेरच, आणि वाटेत खडकांची रांग. धुक्यात होड्यांना वाट दाखवणारी चर्चची घंटा नेमकी तडकलेली, दुरुस्तीला गेलेली.

इनासने ड्रम टेम्पोतून खाली ओढले.

"अरे, आता नाही निघालो तर पोचणार कधी?" गिटारवाला पास्कोल म्हणाला.

"माझा बा आहे पाण्यात. तुझा भाऊपण."

पास्कोलने भोंगा उचलून बॅटरीला जोडला.

चौघे वाळूवर उभे राहून धुक्यात वाजवू लागले. आवाजाच्या रोखाने एकेक होडी किनाऱ्याला लागली. पास्कोलचा भाऊ आला. बस्त्यावची होडी तेवढी आली नाही. दुपार कलली, स्पर्धेची वेळ टळली, बाकीचे तिघे थकून खाली बसले. इनास एकटा ड्रमवर गाण्यांचे ठेके वाजवत राहिला. तळहात फुटले होते, पण थांबलो तर बा गेला, असे त्याच्या मनाने घेतले होते.

बस्त्यावची होडी भरकटून शेजारच्या गावाला लागली होती. खलाशांना तिथेच ठेवून तो किनाऱ्याने, ड्रमच्या आवाजावर, चालत निघाला. पोचला तो इनासच्या पाठीमागून. किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या बायका हाक मारणार, तोच त्याने ओठांवर बोट ठेवले. डोक्याचा रुमाल काढून हातात धरला आणि ओल्या अंगाने ते गाणे शेवटपर्यंत ऐकले.

गाणे संपले. दुसरे सुरू करण्याआधी इनासने खांद्याला घाम पुसायला मान वळवली, आणि बा दिसला.

"चांगलं वाजवतोस रे," बस्त्याव म्हणाला. एवढेच.

रेकॉर्ड कधीच निघाली नाही. पुढे पोरे नोकऱ्यांपायी पांगली. ती कशी वाजवत, हे ऐकवायला एक तबकडीही नाही. पण आजही कोळव्यात गाणे संपले तरी लोक गप्प उभे राहतात. वाजवणारा मागे वळून बघतो, तेव्हाच टाळ्या पडतात.